पाळीचा ताप

आमच्या चाळीत पाणी एक दिवसाआड येतं. पूर्वी रोज यायचं. मग कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलं की खाडीकडच्या लोकांना एक दिवस सोडून पुरेल, आणि आम्ही ते पुरवून घ्यायला शिकलो. कोपर स्टेशनपासून खाडीच्या बाजूला चालत गेलं की आमची चाळ लागते. बारा खोल्या आणि अंगणात एक नळ. दुपारी साडेतीनला पाणी येतं, साडेपाचला जातं. तेवढ्यात बारा घरांनी भरायचं म्हणजे मारामाऱ्याच व्हायच्या, म्हणून पाळ्या लावलेल्या आहेत. आमची पाळी चौथी, साधारण चारला. पाळी चुकली तर सगळ्यांच्या शेवटी उभं राहायचं, आणि तोवर करंगळीएवढी धार उरलेली असते.

चौतीस वर्षं मी हे पाणी भरलं. सकाळी एका शाळेत आया म्हणून काम, दुपारी घरी येऊन नळ. नवऱ्याच्या तेराव्यालाही पाण्याचा दिवस होता. माणसं जेवून उठली आणि मी पदर खोचून हंडा उचलला. हे कौतुकासाठी सांगत नाही. माझ्या मनात पाणी भरणं म्हणजे काय होतं, ते कळावं म्हणून सांगते. जी बाई पाणी भरत नाही ती बाई आळशी, एवढंच मला ठाऊक होतं. चौथीपर्यंतच्या शाळेत यापेक्षा जास्त काही शिकवलं नव्हतं, आणि पुढे आयुष्याने तेच पक्कं केलं.

मुलाचं लग्न झालं तेव्हा माझे दोन्ही गुडघे गेले होते. सून आंबिवलीची. बारीक चणीची, कमी बोलणारी. आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिला नळ दाखवला, पाळी सांगितली, आणि मोरीतली दोन निळी पिंपं दाखवली. पिंपांचा नियमही सांगितला. वरचं पाणी वापरायचं, तळाचं वीतभर पाणी हलवायचं नाही. कधी पाणी आलंच नाही तर तेवढं घरात असतं. माझ्या सासूने मला असंच सांगितलं होतं, वर म्हणाली होती की पिंपाचा तळ बघू नये, घराला बरं नसतं. त्यामुळे आमच्या पिंपांचा तळ कोणी पाहिला नव्हता. नवं पाणी जुन्यावर पडत राहायचं. वर लाकडी फळी, फळीवर तांब्या. फळी पिंपाच्या तोंडाला पुरती बसायची नाही. दोन बोटांची फट राहायची, तिचं कधी कुणाला काही वाटलं नाही.

त्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी मलेरियावाला आला. हा दरवर्षी येतो. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी. भिंतीवर खडूने तारीख घालतो आणि जातो. या खेपेला त्याने फळी सरकवून पिंपात बॅटरी मारली आणि मला हाक दिली.

"आजी, इकडे या. हे वळवळतंय ते बघा."

मला काही दिसलं नाही. डोळे आधीच अधू. मी म्हटलं, "पाणी हललं की वळवळणारच."

"अळ्या आहेत आजी. मच्छरच्या. पिंप ओतावं लागेल."

"ओत ना. आणि उद्याचं पाणी तू डोक्यावरून आणून दे."

"तसं नाही, नियम आहे. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. पिंप रिकामं करायचं, घासायचं, उलटं टाकायचं."

"आम्ही एक दिवसाआड कोरडाच पाळतो रे बाबा. तुझ्या साहेबाला सांग, चाळीतल्या बायका नियमापेक्षा जास्त पाळतात."

तो हसला. मी त्याला दारात नेऊन पलीकडचा खड्डा दाखवला. तिथे पाच वर्षांपूर्वी टॉवर होणार होता. खोदून ठेवलं आणि काम बंद पडलं. बारा महिने त्यात हिरवं पाणी असतं. "मच्छर तिकडे आहेत," मी म्हटलं, "तिथं जा बॅटरी घेऊन."

"तिथं अळ्या खाणारे गप्पी मासे सोडलेत. तुमच्या पिंपातही सोडतो पाहिजे तर."

"सोड. संध्याकाळच्या कालवणाची सोय होईल."

बाहेर नळापाशी बसलेल्या बायका हसल्या. मलाही बरं वाटलं. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, भिंतीवर तारीख घातली आणि तो पुढच्या दाराला गेला. मी फळी परत सरकवली. पिण्याचं पाणी मी फडक्याने गाळूनच घेत होते, आणि माझ्या घरचं पाणी चाळीत सगळ्यांत स्वच्छ असतं हे मी दहा जणींना सांगितलेलं होतं. त्यामुळे अळ्या माझ्या पिंपात असू शकतात हे डोक्यात शिरलंच नाही.

तेव्हा सुनेला पाचवा महिना होता.

गणपती गेले आणि पुढच्या आठवड्यात एका पाण्याच्या दिवशी तीनच्या सुमाराला ती म्हणाली, "आई, मला थंडी वाजतेय." बाहेर घाम फुटेल असं ऊन होतं. तिने गोधडी घेतली, मग चादर, मग माझी शाल. खाटेच्या पायाखालची एक वीट डगडगती होती, ती तिच्या कापण्याने टकटक वाजायला लागली. मी म्हटलं, पाचवा महिना आहे, होतं असं. त्या दिवशी मी पाणी भरलं. सहाच्या पुढे तिला घाम आला, कपडे भिजले आणि ती झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिने भाकऱ्या केल्या, कपडे धुतले, दुपारी शेजारणीकडे जाऊन मटार सोलत बसली. धडधाकट.

तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, आणि तीनला पुन्हा तिची गोधडी.

मी त्या वेळी काय विचार केला ते लपवून काही उपयोग नाही. मी मनात म्हटलं, काल मटार सोलायला हात चालत होते, आज हंडा दिसला की थंडी वाजते. पुन्हा मी भरलं. गुडघ्यांनी रात्रभर झोपू दिलं नाही. त्याचा राग वेगळा.

पाचव्या दिवशी तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा मी नळावर सगळ्या बायकांसमोर बोलले. कोणीतरी विचारलं होतं, "काय मावशी, आज पण तुम्हीच? सून कुठे?"

मी म्हटलं, "तिला पाळीचा ताप आलाय. आमची पाळी आली की तिला ताप येतो, पाळी झाली की उतरतो."

केवढ्या हसल्या बायका. एकीच्या हातातली कळशी कलंडली. दार उघडंच होतं, खाट दारापासून चार हातांवर. तिने ऐकलं असणारच. तिने ऐकावं म्हणूनच मी मोठ्याने बोलले होते.

तो शब्द मग चाळीत चालू झाला. साडेतीन वाजले की कुणीतरी ओरडायचं, "मावशी, पाळीचा ताप चढला का?"

मुलाने एकदा विषय काढला. तो बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये पंप चालवतो. सकाळी सहाला जातो, रात्री नऊला येतो. तिथे पाणी चोवीस तास, पोहायचा तलाव वेगळा, टाक्या ठरल्या दिवशी धुतल्या जातात, आणि दर शनिवारी धुराची गाडी फिरते. आमच्याकडे धुराची गाडी मी मागच्या निवडणुकीत पाहिली. तो म्हणाला, "आई, तिला जरा आराम पडू दे ना. तोंड बघ कसं उतरलंय."

"मग तू भर पाणी. चारला येत जा बाळकुमहून."

तो ताटावरून उठला आणि बायकोशेजारी जाऊन बसला. ताप उतरलेला असायचा तोवर. त्याने तिचा ताप कधी पाहिलाच नव्हता, फक्त घाम पाहिला होता.

दवाखान्यात नेलं नाही असं नाही. नेलं. पण नेलं कधी, तर बिनपाण्याच्या दिवशी. पाण्याच्या दिवशी दोघी बाहेर गेलो तर पिंपं कोण भरणार? गल्लीतल्या डॉक्टरने तिच्या तोंडात काचेची नळी धरली आणि बघून म्हणाला, "ताप नाही." डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. रक्त कमी आहे म्हणाला, या दिवसांत असतं, पालेभाजी खा.

मग त्याने विचारलं, "ताप येतो तरी कधी?"

ती म्हणाली, "पाण्याच्या दिवशी."

डॉक्टर हसला. "मग पाण्याच्या दिवशी आणा, म्हणजे मलाही दिसेल."

घरी येताना मी तिला म्हटलं, "बघ, डॉक्टरलाही कळलं." आमच्या गल्लीच्या तोंडाशी पायऱ्या आहेत. त्या चढताना ती दोनदा थांबली. तिचे ओठ पांढरे पडले होते. ते मी पाहिलं आणि तरी पुढे चालत राहिले. हे मला आजही स्वच्छ आठवतं, कारण तेव्हा माझ्या अधू डोळ्यांनाही सगळं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी होतं. तीनला ती खाटेवर जाऊ लागली तेव्हा मी दारात उभी राहिले. म्हटलं, "माझे पाय बघ. सुजून केवढे झालेत. मी पोटुशी असताना नवव्या महिन्यापर्यंत भरलं. तू पाचव्यात खाट धरलीस."

ती म्हणाली, "आई, खरंच थंडी वाजतेय."

"एक दिवस सोडून वाजते. आणि नेमकी पाळीच्या तोंडावर."

तिने गोधडी घडी करून खाटेवर ठेवली. नीट घडी केली, कोपऱ्याला कोपरा लावून. चार वाजत आले तशी कळशी घेऊन अंगणात उतरली. मी दारातून बघत होते. आमच्या आधीच्या पाळीवालीचं भरून होत होतं. सून भिंतीला टेकून उभी होती, दात एकमेकांवर आपटत होते, आणि मला वाटलं, काय सुंदर नाटक करते ही. आमची पाळी आली. तिने कळशी नळाखाली लावली. भरली. उचलायला वाकली आणि वाकलेलीच खाली गेली. कळशी तिच्या अंगावर. पाणी सगळं गटारात.

पहिला आवाज माझ्या तोंडून आला तो, "पाणी!" असा. तिचं नाव नाही.

आमच्या चाळीची मालकीण समोरच्या ओट्यावर बसलेली असते. आगरी बाई आहे, ऐंशीच्या घरातली, इथल्या जुन्या गावातली. ही चाळ तिच्या सासऱ्याच्या शेतावर उभी आहे. कानाने कमी ऐकते, पण तिला दिसतं सगळं. ती काठी टेकत आली, खाली बसली, सुनेच्या कपाळावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "कवापासून हाय हिला?"

मी म्हटलं, "झाले दहाबारा दिवस. एक दिवसाआड येतो. नाटकं आहेत तिची."

"दिसाआड येतंय? थंडी वाजून? मंग घाम?"

"हो."

म्हातारीच्या बोलीत ळ नाही, ळच्या जागी ल येतो. "गो बाय, सगली चाल पालीचा ताप, पालीचा ताप करून हसतंय, मी ओट्यावरून बघतंय. मना वाटला तुमाला ठाऊक हाय, दवा चालू असंल. ह्यो पालीचा तापच हाय!"

पाळीचा ताप. हा शब्द मी नळावर शोधून काढलेला नव्हता. हा माझ्या आजीचा शब्द होता. आमच्या कोकणातल्या गावी हिवतापाला पाळीचा ताप म्हणत, कारण तो पाळी लावून येतो. एक दिवस येतो, एक दिवस सोडतो. माझ्या धाकट्या भावाला तो आला होता. मी सहासात वर्षांची असेन. तो कापायला लागला की आजी मला त्याच्या गोधडीवर बसवायची, गोधडी उडू नये म्हणून. मी त्याच्या अंगावर बसून हलत होते आणि हसत होते. त्याच्या पोटात डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून दगडासारखी लागायची, आजी तिथे माझा हात ठेवून दाखवायची. हे सगळं मला माहीत होतं. शब्द तोंडात राहिला होता आणि त्याचा अर्थ मी गावाला टाकून आले होते. तोंडातून तो बरोबर जागी, बरोबर माणसासाठी बाहेर पडला, आणि मी त्याचा विनोद केला.

रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेलं. बोटातून रक्त काढून काचेवर घेतलं. अर्ध्या तासात एक बाई कागद घेऊन आली. मलेरिया. तिने मला विचारलं, "आजी, इतके दिवस काय करत होता?" मी म्हटलं, "पाणी भरत होते." तिला वाटलं मी उलट बोलते. ती माझ्यावर ओरडली.

सुनेच्या अंगात रक्त उरलंच नव्हतं. बाटली चढवली, गोळ्या दिल्या. ताप तिसऱ्या दिवशी आला नाही. पण त्याच दिवशी सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि दुपारी मूल गेलं. मुलगी होती. मला दाखवली. दोन तळव्यांत मावेल एवढी. मी पाहिली, कारण ती बघायचं काम माझंच होतं. मुलगा बाहेर जिन्यात बसला होता. तो दुपारी चार वाजता घरच्यांबरोबर होता, असा तो पहिला दिवस.

दवाखान्यातल्या त्या बाईने मला नंतर पाणी कसं साठवता ते विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "हा डास गटारात होत नाही आजी. याला स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. तुमच्यासारख्यांच्या घरात पिंपात होतो." तुमच्यासारख्यांच्या. मी विचारलं, "रोज पाणी आलं तर होईल का?" ती म्हणाली, ते माझं खातं नाही. कुणाचंच नसतं ते. खड्डा बिल्डरचा, पाणी दुसऱ्या ऑफिसचं, डास तिसऱ्याचा, आणि पिंप तेवढं माझं. पण पिंप माझंच होतं, तेही खरं. मला बॅटरी मारून दाखवलं होतं आणि मी कालवणाचा विनोद केला होता. माझे विनोद त्या महिन्यात फार चालले.

घरी येऊन मी पिंपं अंगणात आडवी केली. पाण्याचा दिवस नव्हता. बायका दारांतून बघत होत्या. तळाला चार बोटं काळा गाळ निघाला, त्यात एक बांगडीचा तुकडा आणि माझ्या नवऱ्याच्या दाढीच्या ब्रशचं झाकण. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. इतकं जुनं पाणी आम्ही घरात ठेवलं होतं. पिंपं घासून उन्हात उलटी टाकली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी चारपर्यंत घरात प्यायला एक तांब्या होता. आता मी दर आठवड्याला असं करते. त्या रात्री आम्ही भांडी घासत नाही आणि अंगाला पाणी लावत नाही. सांगणाऱ्याला नियम सोपा वाटतो.

सून महिनाभर आंबिवलीला राहिली. मला वाटलं, येणार नाही. तिच्या आईला मी तोंड दाखवायला गेले नाही. पण सून आली. आल्यावर पहिल्याच पाण्याच्या दिवशी तिने कळशीला हात घातला. मी म्हटलं, "ठेव ती." तिने ठेवली. तेव्हापासून पाणी मीच भरते, बसत उठत, अर्धी अर्धी कळशी. आमची पाळी आता वेळ खाते, पण चाळीत कोणी आवाज काढत नाही. ती खाटेवर बसून माझ्याकडे बघते. रागाने बघत नाही. रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

गोळ्या चौदा दिवसांच्या घ्यायच्या होत्या. मूळ जाण्यासाठी म्हणे. सात दिवसांच्या मिळाल्या, उरलेल्या नंतर न्या म्हणाले. मी तीनदा गेले. तिन्ही वेळा आल्या नाहीत असं सांगितलं. चौथ्यांदा मी गेले नाही. त्याचा दोष मी त्यांना निम्मा देते.

फाल्गुनात एके दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. खाटेची वीट वाजली. टक टक टक. मी वर पाहिलं. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती, गोधडी कानापर्यंत. मी सूप खाली ठेवलं आणि तिच्याजवळ गेले. काही विचारायच्या आधीच ती उठून बसली. दात वाजत होते, शब्द नीट येत नव्हते. भिंतीवर कॅलेंडर आहे, पाण्याच्या दिवसांना मी लाल पेनाने गोल करते. तिने गोधडीतून हात बाहेर काढला आणि कॅलेंडरकडे दाखवलं.

"आई, बघा. आज गोल नाहीये. आज पाण्याचा दिवस नाही."

मी म्हटलं, "हो गं."

"नाही, बघा तुम्ही. उठून बघा."

मी उठले. कॅलेंडरपाशी गेले, तारखेवर बोट ठेवलं आणि बघितलं. गोल नव्हता. ते तिला मोठ्याने सांगितलं, दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे ती पुन्हा आडवी झाली आणि तिने स्वतःला थंडीने कापू दिलं. मग मी रिक्षा बोलवायला खाली गेले.